भीती माझी, नाव सुनंदाचं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. माझ्याकडे लोक भाषण करायला शिकतात, भीती कशी घालवायची ते विचारतात — आणि मीही तोंड वर करून शिकवते. लाज? ती कधीच कोळून प्यायले.

पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपन्या भराभर निघत होत्या, तेव्हा अशाच एका कंपनीत मी आणि सुनंदा शेजारी बसायचो. मी पेठेतली. घरात फाडफाड बोलणारी, पण चार माणसांपुढे उभी राहिले की पाठ केलेलं पहिलं वाक्यसुद्धा विसरायचे. आणि सुनंदा? तिच्या वस्तीत विहारापुढे जयंतीचं स्टेज लागलं की हिचं भाषण ठरलेलं, शाळेत असल्यापासून. माइक दिसला की हिला हुरूप! जेवणाच्या सुट्टीत तीच मला गच्चीवर नेऊन उभी करायची. "खाणारेत का तुला ते? बोल पुन्हा." एकदा मला रडूच फुटलं, तर म्हणाली, "रडून घे आधी, मग बोल." आणि बोलायला लावलंच तिने.

मग परदेशी पाहुणे येणार असं ठरलं. त्यांच्यापुढे आमच्या कामाची माहिती द्यायची होती. काम अर्ध्याहून जास्त तिचं. जी बोलेल ती अमेरिकेला जाणार, हे उघड होतं. साहेबांनी मला एकटीला बोलावून विचारलं, दोघींपैकी कोण बोलेल? आणि मी म्हणाले, "सुनंदाला स्टेजची भीती वाटते हो सर. काल सराव करताना रडली."

हो. माझं रडणं मी तिच्या नावावर खपवलं.

साहेब काय म्हणाले माहितीये? "वाटलंच मला." वाटलंच? कशावरून हो? एकदा तरी तिला उभं करून ऐकलं होतंत? वस्तीतली मुलगी म्हणजे बुजरी, हे परस्पर ठरवून मोकळे! अजून डोकं फिरतं माझं. पण त्यांच्यावर कोणत्या तोंडाने चिडू? ते लगेच मानतील हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर हेच खोटं मला सुचलं.

मी बोलले. गच्चीवर तिने घोटून घेतलं होतं, म्हणून छान बोलले. मी अमेरिकेला जायच्या आधी सुनंदाने विचारलं होतं, "मला स्टेजची भीती वाटते, असं सरांना कोण बोललं गं?" मी म्हटलं, "कुणास ठाऊक."

परत आले, तर कंपनीचा वार्षिक समारंभ होता. आभार मानायला सुनंदाला बोलावलं. साहेबांनी आधी जाहीर करून टाकलं — आपल्या सुनंदाला फार भीती वाटते, टाळ्या वाजवून धीर द्या तिला! ती माइकपाशी आली. समोरचे ते सगळे दयाळू चेहरे तिने पाहिले — आणि अडखळली. सुनंदा, अडखळली! कशीबशी दोन वाक्यं बोलली आणि खाली मान घालून जागेवर जाऊन बसली.

टाळ्या पडल्या. पहिली टाळी मी वाजवली होती.