हात लाव, मग उठते

बाय, अशी जवळ ये आणि नीट बसून वाच. लिफ्टची वाट बघत, उभ्या उभ्या वाचायचं हे नाही. मी रागावलेय तुझ्यावर. सर गेले म्हणून तुला ठाण्याला फोन केला, तर तू काय म्हणालीस? "आजी, पीटीचेच तर सर होते ना?"

पीटीचेच. फोन ठेवला आणि पडवीत बसून राहिले. तुझी तरी काय चूक? मी तुला कधी सांगितलंच नाही. आता सांगते.

मी सातवीत होते. मैदानावर बसलेय, पाठमोरी. मागून आवाज आला, "खो!"

हात आला नाही.

खो-खोत बसलेल्या मुलीच्या पाठीवर हात लावायचा आणि "खो" म्हणायचं. मगच ती उठून पळते. दोन्ही हवं. मला नुसता आवाज मिळायचा. आवाज देणारी होती शाळेच्या कमिटीवरच्या बागायतदारांची मुलगी. बाकीच्यांच्या पाठीवर धपाधप मारायची. माझ्या मागे आली की हात वीतभर अलीकडेच थांबायचा. मी बौद्धवाडीतली. तेव्हा वाडीला लोक दुसऱ्याच नावाने ओळखत. ते नाव मी लिहीत नाही.

आणि मी उठायचे. आवाज आला की उठायचे, जीव खाऊन पळायचे. सगळ्यांत जोरात मीच पळायचे, म्हणून तर संघात होते. आईला एकदा सांगितलं. ती म्हणाली, "खेळायला घेतायत ना? मग गप खेळ."

सर तेव्हा नवे. सावर्ड्याकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, काटकुळा. मैदान म्हणजे नुसता कातळ आणि वर तांबडी माती. आम्ही अनवाणी पळायचो, म्हणून सर सकाळी आमच्याआधी येऊन खडे वेचायचे. फक्कीच्या रेषाही स्वतःच मारायचे. हात पांढरेफटक. त्याच हाताने पाठीवर थाप द्यायचे, की माझ्या पोलक्यावर पंजा उमटायचा. ते पोलकं मी दोन दोन दिवस धुवायचे नाही.

एका संध्याकाळी सरांनी मला थांबवलं.

"तुला हात लागत नाही."

मी खाली बघत राहिले.

"आणि तू उठतेस. तू उठतेस म्हणून तिला हात लावावा लागत नाही."

मला रडू फुटलं. तिचा राग आला म्हणून नाही. सरांना दिसलं म्हणून. जशी काही लाज माझीच.

मग रत्नागिरीला तालुक्याचे सामने. शेवटचा डाव. समोरची एक मुलगी बाद केली की बरोबरी. ती माझ्या पुढ्यातूनच पळत होती. मागून आवाज, "खो!" पाठीला काही लागलं नाही. पंच पलीकडे. उठले असते तर कोणाला कळलंही नसतं.

मी उठले नाही.

"खो! अगं, खो दिला ना! उठ की गो!"

मान न वळवता मी म्हटलं, "हात लाव. मग उठते."

ती तशीच मागे उभी. तिचा श्वास मला ऐकू येत होता. वीतभर अंतर गो. तेवढं तिच्याने तोडवेना. शिट्टी झाली. एका गुणाने हरलो.

एसटीत माझ्याशी कोणी बोललं नाही. हातखंब्याला उतरलो. तिथून गावापर्यंत चालत. मी सगळ्यांच्या मागे, आणि माझ्याबरोबर सर.  पुढे नाही गेले, बरोबर चालले.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील शाळेत आले. आम्ही खिडकीखाली उभ्या.

"मास्तर, पोरीला माज चढवलात तुम्ही."

सर म्हणाले, "हात लागला नाही. खो झाला नाही."

बस. तेवढंच. पुढची तीन वर्षं सरांकडून मैदान काढून घेतलं. पुस्तकांच्या खोलीत बसवलं, धूळ झटकायला. माझी शाळा त्याच वर्षी सुटली. पुढचं वाचायला-लिहायला मी वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर शिकले.

सर निवृत्त झाल्यापासून दर शनिवारी मी पेज घेऊन त्यांच्याकडे जायचे. शेवटी शेवटी हात थरथरायचे त्यांचे, चमचा मीच धरायचे. गेल्या पावसात एकदा म्हणाले, "तुला सांगायचं राहिलंय. मला पहिल्याच आठवड्यात दिसलं होतं गो. शिट्टी तोंडात होती. दोन महिने वाजवली नाही. कमिटीची पोर, आणि माझी नोकरी नवी."

मी म्हटलं, "सर, जाऊ दे."

सर चिडले. त्या खोल गेलेल्या आवाजातही चिडले. "जाऊ दे म्हणजे उठलीस. उठू नको."

शाळेत शोकसभा झाली. ती खो देणारी मुलगी आता म्हातारी, कमिटीवर, पुढच्या खुर्चीत. म्हणाली, "सरांच्या मैदानावर आम्ही सगळ्या एक होतो. तसलं काही आमच्या वेळी नव्हतंच." सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी मागून बोलले. बसूनच. "होतं. माझ्या पाठीला विचारा."

सभा सुटली. जाताना ती माझ्यापुढे थांबली. हात जोडलेन. लांबूनच.

बाय, मागे तू हसत हसत सांगितलंस, ऑफिसातली ती बाई तुझं आडनाव कळल्यापासून तुझ्या डब्यातलं खात नाही. "जाऊ दे ना आजी," म्हणालीस. मीही हसले. ते माझं चुकलं. मलाही दिसलं होतं, आणि मीही शिट्टी वाजवली नाही. यापुढे या घरात "जाऊ दे" चालणार नाही. तुझंही नाही, माझंही नाही.

शाळा सरांच्या आठवणींचं पुस्तक काढतेय. मी हेच लिहून दिलं. हेडमास्तर म्हणाले, "आजी, तेवढं खो-खोचं गाळूया का?" नाही गाळणार. छापलं नाही तर प्रकाशनाच्या दिवशी मैदानात बसून सगळं वाचीन. मोठ्याने. तिच्या देखत.

पण गुडघे गेलेत माझे. बसले की उठवत नाही. म्हणून तू ये. रजा नाही, गाडीचं तिकीट नाही, मला काही सांगू नको. लवकर ये. माझ्या मागे उभी राहा आणि पाठीवर हात ठेव.

मग मी उठते.