भैय्याजींच्या टॅक्सीतला टेप

इंदोऱ्यातल्या त्या रेडिओच्या दुकानात गल्ल्यामागे धोंडबा बसत आणि मागच्या टेबलाशी त्यांची लेक प्रेमिला. गिऱ्हाइकांना वाटे, पोरगी बापाला स्क्रू काढून देते. खरं म्हणजे धोंडबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, आणि गेली दोन वर्षं दुकानातली प्रत्येक तार प्रेमिलाच्या हातानं जोडली जात होती. हे बाहेर कोणाला ठाऊक नव्हतं. ते ठाऊक व्हावं, असं प्रेमिलानं १९८४ च्या उन्हाळ्यात ठरवलं. भैय्याजींचा टेप आला तेव्हा तिनं तोंडावर सांगितलं, "हा टेप बाबा नाही, मी दुरुस्त करीन."

भैय्याजी कामठीच्या फेऱ्या मारणारे जुने टॅक्सीवाले. स्टँडवरच्या दहा-बारा गाड्यांत त्यांचा शब्द चाले. त्यांच्या अँबेसेडरमधला टेप वीसेक मिनिटं गाई, मग आवाज कापरा होई आणि पेटी हात लागू नये इतकी तापून बंद पडे. प्रेमिलानं आवाज वाढवणारा भाग बदलला. तापल्यावर तोच आधी जातो. टेबलावर टेप दिवसभर वाजला. गाडीत बसवला, तिसऱ्या दिवशी परत आला. तिनं मोटर बदलली. पुन्हा टेबलावर दिवसभर वाजला आणि पुन्हा परत आला.

या खेपेला भैय्याजींनी टेप गल्ल्यावर आपटलाच.

"धोंडबा, पोरीचा खेळ पुरे झाला गा. तुम्ही हात लावा, नाही तं मी सीताबर्डीले दुसऱ्या दुकानात नेतो. आन् स्टँडवर सांगून ठेवतो, इथं कोणी येऊ नका."

धोंडबा हळूच म्हणाले, "प्रेमिला, मीच केलं होतं म्हणून सांगू काय? म्हाताऱ्याले कोणी बोलत नाही."

"नाही बाबा. चुकलं असंन तं माझंच चुकलं. भैय्याजी, आता कामठीची फेरी हाये नं? मी येईन संगं."

"या उन्हात? लू लागंन वं!"

"टेपले लागते तिथंच मले पाहू द्या."

टेप बसवायचं काम भैय्याजी दर वेळी स्वतःच करत, दुसऱ्याला गाडीला हात लावू देत नसत. त्यांनी तो बसवला, मग प्रेमिलाला हाक मारली. लू लागू नये म्हणून धोंडबांनी तिच्या ओढणीच्या टोकाला कांदा बांधून दिला. दुपारचा एक वाजला होता. मागे तीन उतारू, पुढे प्रेमिला. खिडकीतून येणारा वारा भट्टीच्या तोंडून आल्यासारखा. तिनं घड्याळाकडे पाहत टेप लावला. दहा मिनिटं. पंधरा. कामठी दिसायला लागली आणि गाणाऱ्या बाईचा आवाज थरथरला.

"पाहा!" भैय्याजी म्हणाले. जवळजवळ खूश होऊनच.

प्रेमिलानं टेप बंद केला आणि डॅशबोर्डच्या खालून आत हात घातला. पेटीचा पत्रा लागायला हवा होता. बोटांना लागलं जाडं, खरखरीत, गरम तागाचं कापड.

"भैय्याजी, हे काय हाये?"

"पोतं. या उन्हाळ्यात दुहेरी शिवून घेतलं हाये." त्यांच्या आवाजात अभिमान होता. "मागून इंजिनाची आच, समोरून ऊन. बर्फाची लादी पोत्यात गुंडाळली तं संध्याकाळपर्यंत टिकते नं? मंग टेप काहून नाही टिकणार?"

"आन् दुकानात आणतानी?"

"मळकं पोतं लावून आणू काय तुह्या दुकानात?"

प्रेमिलाला आठवलं. दोन्ही वेळा पेटीच्या मागच्या स्क्रूवर तागाचे बारीक धागे होते. तिनं ते फुंकून टाकले होते. टेबलावर, पंख्याखाली, उघडा करून तपासलेला टेप तापणार तरी कसा?

उतारू उतरले. भैय्याजींनी एका कडुलिंबाखाली गाडी लावली, तेव्हा ती म्हणाली, "भैय्याजी, बर्फ आतून तापत नाही. टेप तापते. मागचा पत्रा त्याची गर्मी बाहेर टाकाले ठेवला हाये. चुलीले पोतं गुंडाळलं तं चूल थंडी होईन काय?"

भैय्याजींनी टोपी काढली, घाम पुसला, पुन्हा घातली. "चार वर्षं टॅक्सीत टेप वागवून राहिलो मी. तू मले शिकवशीन?"

"शिकवत नाही. फक्त पोतं काढा, आन् फेऱ्या मारा. बंद पडला तं सीताबर्डीले मीच घेऊन जाईन, आन् स्टँडवर मीच सांगीन का मले येत नाही."

पोतं निघालं. टेप निवायला अर्धा तास गेला. मग स्टेशनपर्यंत फेरी झाली, तिथून परत कामठी, पुन्हा स्टेशन. कॅसेट चार वेळा उलटली. प्रेमिलाचे ओठ सुकून पांढरे पडले. मध्ये भैय्याजींनी उसाचा रस घेऊ म्हटलं तरी ती उतरली नाही. दर दहा मिनिटांनी आत हात घालून पाही. पत्रा गरम होता, पण हात ठेवता येत होता. आवाज सरळ होता.

पाचच्या सुमाराला दुकानाजवळच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हाही टेप चालूच होता. भैय्याजी उतरले, पण दुकानाकडे वळले नाहीत. ते शेजारच्या टॅक्सीपाशी गेले आणि खिडकीतून वाकले.

"मधुकरराव, टेपचं पोतं काढा."

"काहून गा? तुम्हीच तं लावाले सांगितलं होतं."

"मीच सांगितलं. गलत सांगितलं." हे वाक्य त्यांनी एवढ्या मोठ्यानं म्हटलं की चहावाल्यानंही मान वर केली. "अजून कोणाकोणाले सांगितलं होतं मी? सगळे काढा!"

"धोंडबांनी सांगितलं काय?"

भैय्याजींनी गाडीत बसलेल्या प्रेमिलाकडे पाहिलं.

"धोंडबांनी नाही. त्यांच्या प्रेमिलानं. आन् काही विचाराचं असंन तं तिलेच विचारा, ती बसली हाये समोर."