गुलाबी पाण्याच्या बाटल्या

माझी भाची प्रयोगशाळेत काम करते, तिथे परवा गेले होते. काचेआड गुलाबी पाण्याच्या बाटल्या डुलत होत्या. त्यात म्हणे सस्तन प्राण्याच्या पेशी वाढतात आणि प्रतिपिंडाचे इवलेसे तुकडे बनवतात. खुणेचं द्रव्य जोडलेला तो तुकडा कॅन्सरच्या गाठीला चिकटला की स्कॅनमध्ये गाठ उजळते.

बाटलीला हात लावायच्या आधी दरवेळी स्पिरिट!

“अगं, हे तर आमच्या सोवळ्यापेक्षा कडक!”

“मावशी, सोवळं मोडलं तर देव माफ करतो. पेशी नाही करत.”

खरंच, एक बाटली पिवळी, गढूळ झाली होती. जंतू शिरलेले. महिन्याची मेहनत तिने टाकून दिली आणि गोठवून राखलेल्या पेशींची नवी कुपी काढली. दही बिघडलं की आपण नाही का, राखलेल्या विरजणाने पुन्हा दही लावतो?

तिची आई म्हणजे माझी धाकटी बहीण. तिची गाठ दिसली तेव्हा फार उशीर झाला होता.

“हे पेशंटपर्यंत पोचायला किती दिवस लागतील गं?”

“लागतील तेवढे. मावशी, जरा लांब. तुझा श्वास पेशींना लागेल.”

मी दाराशी सरकले आणि तोंडावर पदर घट्ट धरून उभी राहिले.