गवती चहानं चोळलेले हात

मी आज जो काही आहे तो माझ्या मोठीआईमुळे. मोठीआई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. पवनीजवळच्या आमच्या गावात आमचं घर मासेमारीचं. ती टोपलं घेऊन बाजारात बसायची आणि त्या मासोळ्यांवर मी बी.एस्सी. झालो, घरातला पहिलाच.

शाळेत पोरं नाक दाबून ओरडायची, "सरका बे, मासोळी बजार आला!" मी रडत घरी आलो की मोठीआई मोरीजवळचा गवती चहा तोडायची, पानं चुरगळून माझ्या हातांना चोळायची आणि हुंगून बघायची. "घे, आता कलेक्टरसारखा वास येऊन राहिला." कलेक्टरचा वास तिनं कुठं घेतला होता कोण जाणे.

कॉलेजात कळलं, त्या वासाचं नाव सिट्रल. आता मी नागपुरात साबणाच्या कारखान्यात तेच तपासतो. सरबतात, अत्तरात, मालिशच्या तेलातही ते जातं.

दिवाळीत तान्ह्या मुलीला घेऊन गावी गेलो, तेव्हा सिट्रलची लहानशी बाटली मोठीआईसाठी नेली. तिनं ती नाकाशी धरली. "हाव बाबू, आपल्या मोरीवरचाच!"

झाकण अजून उघडायचं होतं.

मी झाकणाकडे बघितलं. तीच खाली बघत म्हणाली, "तापानंतर कशाचाच वास येत नाही रे. भंडाऱ्याचा डॉक्टर म्हणे, येईल नाही तर नाही."

गवती चहाच्या पानाला धार असते. तिचे तळहात चिरांनी भरले होते. मासोळीचा वास गेला की नाही हे कळत नसल्यानं ती पानं हातांना चोळतच राहायची. बायकोनं मुलगी पुढे केली, तर तिनं हात पदराखाली घेतले. "नको बाई, पोरीले वास लागल." सगळी दिवाळी तिनं लेकराला दुरूनच खेळवलं.

फोनवर ती 'बरी हाय' म्हणते आणि ठेवून देते. तिला वाचता येतं, म्हणून मी पत्र पाठवलं:

"मोठीआई,
आता हात चोळू नको. चिरा भरू दे. मासोळीचा वास येते काय, हे तू मले कधी विचारलं नाही, पण सांगतो. येते. त्याच हातानं तू मले जेवू घातलं. पोरगी आता रांगून राहिली. सगळ्यायच्या अंगावर जाते, तुले तेवढं वळखत नाही. शनिवारी तिले घेऊन येतो. हात लपवू नको. तिले घे."