बालाघाटात गारा

माझे सासरे गेले तेव्हा मी रडले नाही. आलेल्या बायका एकमेकींच्या कानाला लागल्या, ही बाई दगडाची आहे म्हणाल्या. म्हणोत बापड्या. का रडले नाही ते आज सांगूनच टाकते, उगाच मनात कुजवत कशाला ठेवायचं!

इंग्रजांचं राज्य होतं. नागपूर मध्यप्रांताची राजधानी होतं, आणि महालातल्या आमच्या घरावर राज्य सासऱ्यांचं होतं. कचेरीतली कारकुनी करून ते पेन्शनीत निघालेले. सकाळी पेपर आला की ओसरीवर मांडी ठोकायची आणि सगळ्यात आधी वेधशाळेचा अंदाज वाचायचा. लढाईच्या बातम्या मागाहून. वाचायचा तोही स्वयंपाकघरात चुलीपुढं बसलेल्या माणसाला ऐकू जाईल असा, ठणठणीत.

"कोकण किनारा, दमट हवा, तुरळक ढग. नर्मदेचं खोरं, जोराचा वारा. पचमढीचे डोंगर, रात्री गारठा. वऱ्हाड, आकाश निरभ्र."

बरं, वाचा नि सोडून द्या ना! ते नाही. कोकणात ढग आले की आमच्या घरी गोधड्या धुवायच्या नाहीत. का, तर ते ढग इकडं यायला निघाले असतील. डोंगरात गारठा म्हटलं की फाल्गुनातल्या त्या रखरखीत उन्हातही पोरांच्या अंगात स्वेटर. पोरं घामोळ्यांनी रडायची. एकदा मी गव्हाच्या कुरड्या अंगणात घातल्या, तर पेपरात वादळ आहे म्हणून भर दुपारी सगळ्या ओल्याच्या ओल्या उचलायला लावल्या. लगदा झाला. वादळ आलं नाही ते नाहीच, वर मलाच म्हणाले, "तुले कुरड्या जमत नाही वं सूनबाई."

आता बालाघाटाचं सांगते. वऱ्हाडात घाटाखालचा सपाट, काळ्या मातीचा मुलूख आहे, त्याला जुनी माणसं पयनघाट म्हणायची. घाट चढून वर गेलं की बालाघाट. सासऱ्यांचं मूळ गाव पयनघाटात, माझं माहेर वर बालाघाटात. अकोल्याला गाडीतून उतरायचं आणि पुढं बैलगाडीनं घाट चढायचा. लग्न झाल्यापासून सासरे मला नावानं कमी आणि 'बालाघाटची' म्हणून जास्त हाक मारायचे. भाजीत मीठ जास्त पडलं की, "बालाघाटात असंच खातेत काय?" आमच्या ह्यांनी कधी वडिलांपुढं तोंड उघडलं नाही. तोंडात कायम सुपारी, ती चघळत खाली मान घालून बसायचे.

त्या वर्षी होळी झाली आणि माहेरच्या गावचा एक माणूस कोर्टाच्या कामासाठी नागपुरात आला. दारातूनच म्हणाला, "बाई, तुही माय अंथरुणावर पडली. अन्न जात नाही. तुयंच नाव घेऊन राहिली. लवकर ये."

आईनं मला कधी निरोप म्हणून धाडला नव्हता. दुखलं-खुपलं तरी पोरीच्या कानावर जाऊ द्यायची नाही, अशी बाई ती. ती नाव घेते म्हणजे काय ते मला कळलं. मी गाठोडं बांधलं. मंडईतून संत्री आणवली. अन्न जात नाही तर रस तरी जाईल, एवढंच डोक्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर आला. "वऱ्हाड, आकाश निरभ्र. बालाघाट, गडगडाटासह पाऊस, गारांचा संभव." सासऱ्यांनी चष्मा काढला. "सूनबाई, आज नाही जायाचं."

मी म्हटलं, "मामाजी, आई शेवटच्या घटका मोजते आहे."

"गारा पडून राहिल्या घाटात! बैल बिथरले, गाडी दरीत गेली, तर तुह्या मायले कोण सांगन? छापलं आहे इथं." आणि बोट ठेवलं त्या ओळीवर.

मलाही तेव्हा खरंच वाटलं. दोन्ही ओळी रोज ऐकत होते. वऱ्हाड म्हणजे पयनघाट आणि बालाघाट म्हणजे आमचा वरचा मुलूख, असा त्या घरात हिशेबच होता. कधी कोणाला शंका आली नाही. मी ह्यांच्याकडं पाहिलं. ह्यांनी सुपारी या गालातून त्या गालात घेतली. दुसरं काही नाही.

पुढच्या दिवशी परत बालाघाटात गारा. त्याच्या पुढच्याही. नागपुरात नुसतं ऊन, निंबाला नवी पालवी, आकाशात ढगाचा ठिपका नाही, आणि मी गाठोड्याशेजारी बसलेली. संत्री मऊ पडायला लागली तशी सासूबाईंनी एकेक सोलून पोरांना दिली. मी एकदा हट्टानं म्हटलं, गारा तर गारा, माझ्या डोक्यावर पडतील, मी जाते! तर सासरे ओरडले, "ह्या घरच्या सुना अशा एकट्या टेसनावर जात नाहीत!" आणि दाराला आतून कडी घालून स्वतः दाराशीच बसून राहिले. मी मनात त्यांना काय काय म्हटलं ते इथं लिहिता येणार नाही.

मग एक दिवस कडी वाजली. मीच उघडली. दारात माझा धाकटा भाऊ. डोक्यावर टोपी नव्हती आणि केसही नव्हते. आई-बाप गेल्यावरच आमच्याकडं पोरं डोक्यावरचे केस काढतात. त्याला काही सांगावं लागलं नाही.

मी तिथंच उंबऱ्यावर बसले. तो एवढंच म्हणाला, "तुयी लय वाट पाह्यली वं तिनं. गाडीचे घुंगरू वाजले की मान वळवे."

सासरे बाहेर आले. हळहळले, नाही असं नाही. मग विचारलं, "गारा किती मोठ्या पडल्या गा तिकडं?"

भाऊ बघतच राहिला. "कुठच्या गारा, मामाजी? थेंब नाही पडला. रस्त्यानं नुसता फुफाटा."

"असं कसं? पेपरात रोज आलं. बालाघाट, गारा."

"तो बालाघाट जिल्हा हाय मामाजी. गोंदियाच्या पल्याडचा. आमचा बालाघाट पेपरात वऱ्हाडातच येते."

वऱ्हाड. आकाश निरभ्र. रोज माझ्या कानावर आदळत होतं, सासऱ्यांच्याच आवाजात.

मला वाटलं आता हा म्हातारा निदान खाली तरी बघेल. कसलं काय! उलट म्हणाले, "मग छापणाऱ्यानं नीट छापायले पाह्यजे ना."

भाऊ मला चौदाव्यापर्यंत घेऊन जायला आला होता. मी नाही म्हटलं. त्या दिवशी पाय उचलत नव्हते. तो रात्रीच्या गाडीनं एकटा परत गेला.

सकाळी पेपर आला. सासरे ओसरीवर बसले. कोकण वाचलं, नर्मदेचं खोरं वाचलं, पचमढी वाचली. मग मला हाक मारली, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच आवाज मवाळ होता. "सूनबाई, वऱ्हाडात हवा साफ आहे. आता जा तू खुशाल. मी टांगा बोलावतो."

मी चुलीपुढून उठून ओसरीवर आले, डोक्यावरचा पदर सावरला नाही, आणि विचारलं, "आता कोणाकडं जाऊ, मामाजी?"

त्यांनी पेपराचं पान उलटलं.