आईच्या अंगठ्यावरची रेघ

आईच्या आजारपणावर मी लिहावं की नाही, कळत नाही. त्या दिवसांत मी तिच्याजवळ नव्हतोच. काही चुकलं तर माफ करावं.

भिलाईचा कारखाना उभा होत होता. बाबा तिथे भट्टीच्या बांधकामावर होते, आई त्यांच्याजवळ आणि मी नागपूरला कॉलेजात, घरातला पहिलाच. आईला कॅन्सर निघाला तेव्हा तिनं मला शपथ घातली, की परीक्षा सोडून यायचं नाही. दवाखान्यात एक बाई रोग्यांची, घरच्यांची विचारपूस करायच्या आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांची पत्रंही लिहून द्यायच्या. दर आठवड्याला त्यांच्या अक्षरात, पण आईच्याच बोलीत कार्ड यायचं: "मले बरं वाटून राहिलं. तू टाइमावर जेवतो का, का पुस्तकंच खाऊन राहिला?" खाली आईचा अंगठा. विळीनं कापल्याची आडवी रेघ त्यात स्पष्ट उमटायची. मजकुराआधी मी ती रेघ बघायचो.

दोन पेपर उरले असताना आलेल्या कार्डावर मजकूर नेहमीचाच होता. अंगठा मात्र मोठा होता आणि रेघ नव्हती. शाई जास्त लागली असेल, असं मी मनाला समजावलं. पुढच्या कार्डावरही रेघ नव्हती. मी कुणालाच विचारलं नाही. पेपर दिले.

शेवटच्या पेपरच्या दुपारी बाबा होस्टेलच्या फाटकाशी उभे होते.

"झाले ना सारे पेपर?" त्यांनी आधी विचारलं. मी मान हलवली.

"तिनंच सांगून ठेवलं होतं, पोराले कळू देऊ नका म्हणून. पंधरा दिवस झाले तिले जाऊन. अंगठा मीच लावला."