चार हात कापडाची साक्ष

आमच्या मामांनी तपासून पास केल्याशिवाय सुरतेच्या उधन्यात सूर्यसुद्धा उगवत नसे. यंत्रमागाच्या कारखान्यात तीस वर्षं कापड तपासून त्यांच्या नजरेला अशी धार आली होती, की ताका उलगडला की विणणाऱ्याचं सकाळी बायकोशी भांडण झालं होतं की नाही ते सांगत. कधीकधी कोण जिंकलं तेही. "कापड खोटं बोलत नही, भाचा," हे त्यांचं ब्रीद. माणसंही ते ताक्यासारखीच उलगडत. एकदा दारात काढलेल्या चपलांचा चिखल बघून त्यांनी जावयाला सांगितलं, की तुम्ही बारडोलीला उसाच्या रसाला थांबला होतात. जावई आला होता पलसाण्याहून, बारडोली वाटेतही नव्हती; पण मामांचा आवाज असा, की त्या बिचाऱ्याच्याही जिभेवर रसाची चव आली.

अशा माणसाला कोर्टाने बोलावलं. कारखान्यातल्या एका कारागिराची बायको भर दुपारी घरात गळा दाबून मारलेली सापडली होती. पाहिलं कुणीच नव्हतं. नवरा म्हणत होता, मी मागावर होतो. शेजारणीने आदल्या दिवशीचं भांडण ऐकलं होतं, एवढंच. मग पोलिसांनी त्या दुपारचं त्याचं कापड मामांपुढे धरलं. उभा धागा तुटला होता आणि माग चार हात तसाच चालला होता. "चार हात म्हणजे अर्धा तास," मामांनी साक्ष दिली. "माणूस मागावर असता, तर धागा जोडला असता." घर पाच मिनिटांवर. कडीत कडी बसली, जन्मठेप झाली. साक्ष संपवून पिंजऱ्यातून उतरता उतरता मामांनी, कुणी विचारलं नसताना, जजसाहेबांना ऐकवलं, "आमचा एकेक कारागीर आठ-आठ माग सांभाळतो, साहेब." तेही लिहून घेतलं गेलं.

सहा वर्षं अपील हायकोर्टात पडून होतं. सहाव्या वर्षी लग्नसराईत अर्धं उधना आपल्या गावी खानदेशात गेलं आणि मालकाने निवृत्त मामांनाच मागांवर उभं केलं. मामांनी जन्मभर कापड तपासलं होतं. विणलं कधीच नव्हतं. आठ मागांमध्ये ते दिवसभर भोवऱ्यासारखे फिरले, चहालाही हलले नाहीत. संध्याकाळी आपलाच ताका उलगडला. धागा तुटलेला. कोपरापासून मोजला. पाच हात.

डबा घेऊन आलेल्या मामीने ते पाच हात बघून विचारलं, "तुम्ही कोठे गयथात?"

"मी आठेच व्हतू," मामा दोन मागांमधली जमीन दाखवत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते पाच हात कापड काखोटीला मारून मामा अहमदाबादला, त्या कारागिराच्या वकिलाकडे. वकील म्हणाला, "कापड राहू द्या, काका. तुमची ती आठ मागांची बढाई कागदावर आहे, तीच वाचतो." हायकोर्टात ती त्याने वाचली. मामांची कडी निखळली, मागोमाग साखळीच सुटली, आणि कारागीर सुटला. बायकोला कुणी मारलं, ते आजही कुणाला माहीत नाही.

महिन्याभराने तो मामांच्या दारात आला. मामी चहा टाकायला उठली. त्याने चपला काढल्या. चिखलाने भरलेल्या होत्या. मामांची नजर तिकडे गेली. तिथेच थांबेल म्हणून मी वाट पाहत होतो. पण त्यांनी नजर उचलून त्याच्या तोंडाकडे नेली.

"कुठून आलास?" मामांनी विचारलं.

मामा कुणाला हे विचारताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो.